शांत जहाजाची हमी

बूट काढून, परक्या पलंगावर, भिंतीला कान लावून आणि डोळे मिटून मी पडले होते... नेमका तेव्हाच तो दार उघडून आत आला.

"सॉरी! मला सांगितलं की ही खोली रिकामी—"

"रिकामीच आहे," मी डोळे न उघडता म्हटलं. "आणि मी झोपलेली नाही. ऐकतेय. दार लोटा जरा, बाहेरची बडबड आत येतेय."

दुसरा कुणी असता तर दार बाहेरून ओढून पळाला असता. यानं ते सभ्य माणूस लोटेल तेवढंच लोटलं आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

"काय ऐकताय?"

"वरचा मजला."

सांगते. मी पर्यटन ऑफिसात क्रूझच्या टेबलावर बसते. एखादं जहाज दिवसभर बंदरात थांबलं की कंपनीवाले आम्हा ऑफिसवाल्यांना आणि चार हौशी प्रवाशांना ते बघायला बोलावतात. बाकीचे केक खातात, कॅप्टनबरोबर फोटो काढतात. मी खोल्या उघडून पलंगांवर पडते. कारण माहितीपत्रकात समुद्र दिसतो, पडदे दिसतात, उशीवर ठेवलेलं फूल दिसतं, पण डोक्यावर कुणी रात्रभर नाचणार आहे का, ते काही दिसत नाही. ते ऐकावं लागतं.

तो पुढे आला. माझ्या डोक्यापासून हातभर लांब त्यानं भिंतीवर तळवा टेकवला. लांब बोटं, आणि तर्जनीच्या कडेला जुना घट्टा.

"वर स्वयंपाकघर आहे," तो म्हणाला. "ट्रॉली ढकलतायत. तिच्या एका चाकाला तेल पाहिजे."

मी डोळे उघडले. जहाजाचा नकाशा पाहिला. वर स्वयंपाकघरच होतं! मला राग आला, कारण मी इतका वेळ कान लावून बसले होते आणि मला वाटत होतं की ती लिफ्ट आहे.

"तुम्ही जहाजावर काम करता?"

"छे. आईसाठी जहाज बघायला आलोय."

"कसलं जहाज हवंय?"

"शांत." तो हसला. "पार्टीवाली माणसं जिथे फिरकणार नाहीत, असं."

आता बघा, कुणी मला चंद्रावर जायचं म्हटलं असतं तरी मी इतके कान टवकारले नसते. शांत जहाज म्हणजे माझा प्रांत. मी उठून बसले, केस सारखे केले आणि माझं कार्ड त्याच्या हातात दिलं. तो गेला... आणि पुन्हा दारातून डोकावला.

"तुमचा डावा बूट पलंगाखाली गेलाय."

---

आमचं ऑफिस काकांचं. काका म्हणजे माझे सख्खे काका, उगाच कुणी काका नव्हेत. औषधांचं दुकान आणि चष्म्याचं दुकान यांच्या मधे एक काचेची खोली, तिच्यात दोन टेबलं. एक बससहलींचं, दुसरं माझं. माझ्या टेबलाला सगळे 'शांत टेबल' म्हणतात. ज्यांना जहाजावर ग्लास आपटायचेत आणि पहाटेपर्यंत किंचाळायचंय, त्यांना मी दारातूनच गोड बोलून दुसरीकडे पाठवते. उरलेल्यांना एकच प्रश्न विचारते. बाकी जग विचारतं, काय हवं? मी विचारते, काय नको? माणसाला काय हवं ते नीट सांगता येत नाही हो, पण काय नको ते मात्र तो धडाधड सांगतो. आजवर माझं एकही जहाज चुकलं नव्हतं आणि मला त्याचा माज होता. होता म्हणजे होता.

दुसऱ्या दिवशी तो आई आणि ताईला घेऊन हजर. आई लहानशी, नीटनेटकी. मांडीवर पर्स धरून बसलेली, डोळ्यांखाली काळं.

"काकू, तुम्हाला काय नको, ते सांगा."

"मला काहीच नको गं," त्या म्हणाल्या. "ही मुलंच मागे लागलीत."

ताई पुढे सरकली. "बाबांना जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून आईला झोप नाही. रात्रीची नाही, दुपारचीही नाही. आधी दुपारी अशी गाढ झोपायची की भूकंप झाला तरी उठली नसती. डॉक्टर म्हणाले, कुठेतरी शांत जागी घेऊन जा."

"गोंगाट नको," तो म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. "बाकी खोली लहान द्या, जेवण कसंही असू द्या. तेवढं एक सांभाळा... प्लीज."

मग मी माझं पुराण लावलं. शुक्रवारी निघून सोमवारी परतणारं जहाज बघायचंसुद्धा नाही, तो पाण्यावरचा धिंगाणा असतो. आठवड्याच्या मधे निघणारं, जरा लांबचं जहाज घ्यायचं. नकाशावर मुलांची खेळायची खोली मोठी आणि बार लहान दिसला की समजायचं, जमलं. मुलं दिवसभर दंगा करतात, पण वेळेवर झोपतात. मोठ्यांचं उलटं असतं. खोली जहाजाच्या मधोमध, वरही खोल्या आणि खालीही खोल्या, पोहण्याच्या तलावापासून लांब...

टकटक. टक-टक-टक. टकटक.

"बोटं," मी म्हटलं.

"काय?"

"तुमची बोटं. माझ्या टेबलावर वाजतायत."

त्यानं दोन्ही हात शाळकरी पोरासारखे मांड्यांखाली दाबले. ताईला एकदम ठसका लागला. मला काही कळलं नाही, मी आपली बोलतच राहिले.

"आणि या जहाजावर रात्री पियानो असतो, तोही हळू. ड्रम नाही. ड्रमवाल्यांवर तर माझा विशेष राग आहे! लहानपणी आम्ही कार्यक्रमांच्या हॉलच्या वर राहायचो. ऐन परीक्षेत खालून धाडधाड सुरू. माझी भूमिती कच्ची राहिली ती यांच्यामुळे. एकेकाला पकडून एका होडीत बसवावं आणि ती होडी सोडून द्यावी."

काकूंनी मुलाकडे पाहिलं. मुलानं पंख्याकडे पाहिलं.

"तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"मी... ते नंतर सांगतो."

"नंतर म्हणजे कधी?"

"जहाजावर. समुद्राच्या मधोमध. म्हणजे तुम्हाला मला हाकलता येणार नाही."

"मी कशाला येतेय जहाजावर?"

"अगं, जायचंय तुला," काका बसच्या टेबलावरून ओरडले. "या फेरीला तुझीच कितीतरी कुटुंबं आहेत. एवढी माणसं एका जहाजावर, आपलं कुणीतरी नको का सोबत?"

खरंच होतं. त्या एका फेरीसाठी माझ्याकडे रांग लागली होती. एकामागून एक बायका यायच्या आणि तेच सांगायच्या, गोंगाट नको, दारूबाज नकोत, पोरांसाठी खेळ असू द्या. मीही सगळ्यांना तेच जहाज देत गेले. मला वाटायचं, माझी कीर्ती पसरली.

"काकू," मी छाती पुढे काढून म्हटलं, "या जहाजावर गोंगाट झाला, तर मी हे टेबल सोडून बससहलींच्या टेबलावर बसेन. ही माझी हमी."

बसच्या टेबलावर बसणं म्हणजे काय, हे ज्यानं खिडकीची जागा मागणारी माणसं बघितलीत त्यालाच कळेल.

---

त्यानंतर तो दर दोन दिवसांनी टपकायला लागला. काहीतरी विचारायचं म्हणून विचारायचा.

"जहाजावर छत्री लागते का?"

"नाही."

"आणि चष्म्याला दोरी?"

"तुम्हाला चष्मा नाहीये."

"पुढेमागे लागला तर?"

काका पेपरामागे खुदुखुदु हसायचे. मीही काही कमी नव्हते. रोज एक धंदा ओळखायचे.

"दातांचे डॉक्टर?"

"नाही."

"पोस्टमन?"

"मी तुम्हाला पोस्टमन वाटतो?"

"नाहीच. पोस्टमन निदान बेल वाजवून तरी येतो."

एकदा संध्याकाळी ऑफिस बंद करताना रिमझिम सुरू झाली. दोघं चष्म्याच्या दुकानाच्या छपराखाली उभे राहिलो. छप्पर एवढंसं, त्यामुळे त्याचा खांदा भिजत होता आणि माझा कोरडा होता. मी सरकायला सांगितलं, तर तो जरा आणखीच बाहेर सरकला.

"घरात आम्ही बशासुद्धा दबकत ठेवतो," तो एकदम म्हणाला. "बाबा गेल्यापासून. ताईनं दारांच्या फटीत कापड लावलंय, आपटू नयेत म्हणून. मी तर घरात... काहीच करत नाही आवाज होईल असं. तरी आई छताकडे बघत पडलेली असते. एकदा तरी तिला गाढ झोपलेली बघायचीय मला. बस, एवढंच."

मला हा माणूस आवडायला लागला होता. हे स्वतःपासून लपवायच्या भानगडीत मी पडले नाही, तेवढा वेळ कुणाला आहे? फक्त ठरवलं की आधी काकूंना झोप लागू दे, मग याच्याकडे बघते.

---

जहाज निघालं तेव्हा सगळं कसं माझ्या नकाशाप्रमाणे होतं. खारा वारा, कोवळं ऊन, डेकवर रांगेत आरामखुर्च्या, पोरं खेळाच्या खोलीत. काकू खुर्चीत बसून पाण्याकडे बघत होत्या. तो कठड्याला टेकून माझ्याकडे बघत होता... आणि मी त्याच्याकडे बघत नाहीये असं दाखवत होते.

"समुद्राचा मध्य कधी येतो?" मी विचारलं.

"उद्या. कळ काढा."

दुपारच्या जेवणाला मी हातात सूप घेऊन वळले, तेवढ्यात फुलाफुलांचा शर्ट घातलेला एक जाडजूड गृहस्थ हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला ओरडला, "ए गेंड्या!"

त्या टोकाचा गृहस्थ ताट ठेवून उठला. "मॉनिटर?! अरे, तू?"

"मागे बघ, मागे! लंबू पण आलाय!"

मग शिट्ट्या, मिठ्या, पाठीत धपाटे, एकाच्या सुपात दुसऱ्याचा चष्मा. प्रत्येक टेबलावरून एकेक नवरा उठत होता, आणि प्रत्येक टेबलावर एकेक बायको तोंड उघडं टाकून बसली होती. त्या सगळ्या बायका माझ्या ओळखीच्या होत्या. सगळ्या माझ्या टेबलावरून आलेल्या.

मॉनिटरनं मला पाहिलं आणि आनंदानं हात जोडले. "मॅडम, तुमच्यामुळे जमलं! आमचा शाळेचा वर्ग. कित्येक वर्षं म्हणतोय, एकत्र जमू, एकत्र जमू, बायका सोडतात कुठे? मग मी सगळ्यांना गुपचूप एकच तारीख दिली आणि सांगितलं, या मॅडमच्या टेबलावर बायकोला पाठवा आणि तिला जे नको ते सांगू दे. सगळ्यांच्या बायकांना एकच नको असणार, आम्ही! मग जहाजही एकच मिळणार. मिळालं की नाही? मघाचं 'अरे, तू?' ते बायकांना दाखवायला!"

माझ्या हातातलं सूप गार झालं. सगळ्यांना मी काय नको ते विचारलं होतं. सोबत कोण आहे, त्यांचे नवरे कोण, हे एकीलाही विचारलं नव्हतं. गोंगाटाची, दारूबाजांची चाळण लावून मी सगळं जहाज गाळून घेतलं आणि खाली उरला तो हा पन्नाशीचा वर्ग! माझी कीर्ती कुठली, सगळं मॉनिटरचं डोकं.

दुपारी तलावाजवळ स्पीकर लागला. पोटं सांभाळत सगळा वर्ग पाण्यात उड्या मारायला लागला. मी तरातरा गेले आणि स्पीकरची पिन उपटली.

"इथे माणसं विश्रांतीला आलीत! काही लाजबीज आहे की नाही?"

"बाई रागावल्या रे!" गेंडा म्हणाला, आणि सगळ्यांनी टेबलं बडवून गायला सुरुवात केली. स्पीकर परवडला असता.

तेवढ्यात खोल्यांकडच्या दारातून काकू आल्या. पर्स हातात, साडीची एकही चुणी मोडलेली नाही. "झाली का गं चहाची वेळ?" त्यांनी विचारलं. "मी पडले होते... पण नाही लागला डोळा." तक्रारीचा सूर नव्हता. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडूच यायला लागलं, आणि मी सहसा रडत नाही, दुसऱ्याला रडवते.

तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "यांना गप्प बसवता येत नसतं," तो हळूच म्हणाला. "यांना काम द्यावं लागतं."

"मग द्या की!"

"देतो. पण नंतर मला होडीत बसवायचं नाही."

त्यानं आइस्क्रीमच्या टेबलावरून दोन चमचे उचलले आणि लोखंडी कठड्यावर वाजवायला सुरुवात केली. आधी अगदी सोपं. वर्गाची टेबलं त्या ठेक्यात आपोआप मिसळली. मग त्यानं ठेका जरा वळवला, आणखी वळवला, हात नुसते पाण्यासारखे वाहायला लागले... आणि एकेकाचा हात चुकायला लागला. शेवटी तो एकटाच वाजवत राहिला, आणि एकदम थांबला.

"कोण चुकलं?" त्यानं विचारलं.

"गेंड्या चुकला!" "मी? लंबूला ताल कधी कळला होता?"

"असं नाही व्हायचं," तो गंभीरपणे म्हणाला. "खाली मागच्या बाजूला जहाजाच्या जुन्या वाद्यांची खोली आहे, ड्रमसुद्धा आहेत. दार जाड आहे. नीट बसवू, शेवटच्या दिवशी वहिनींना दाखवा. चला."

आणि तो अख्खा वर्ग टॉवेल खांद्यावर टाकून ओल्या पायांनी त्याच्यामागे मुकाट निघाला. डेकवर एकदम पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला.

जिन्याजवळ मी त्याला गाठलं. "तुम्ही... तुम्ही ड्रमवाले आहात!"

"हॉलमध्ये वाजवतो. कार्यक्रमांना." त्यानं चमचे माझ्या हातात ठेवले. "तुमची भूमिती कच्ची राहिली त्यात माझा हात नाही, तेव्हा मी स्वतःच शाळेत होतो. पण... आहे मी तोच."

"आणि इतके दिवस मला पोस्टमन, डॉक्टर करत बसवलंत!"

"तुम्ही हाकललं असतंत तर आईचं जहाज गेलं असतं. आणि..." तो थांबला. "आणि बाकीचंही."

बाकीचं म्हणजे काय, ते न सांगता तो खाली गेला.

---

मी त्याच्याशी अबोला धरला. तो पाळणं काही अवघड नव्हतं, कारण तो दिसतच नव्हता. सकाळी नाश्ता झाला की वर्ग घेऊन खाली, जेवला की पुन्हा खाली. सगळं जहाज समुद्र बघत होतं आणि तो बिनखिडकीच्या खोलीत पन्नाशीच्या पोरांना ताल शिकवत होता. वर मात्र अशी शांतता, की माझ्या नकाशालाही तिची कल्पना नव्हती. बायका मला येताजाता धन्यवाद देत होत्या. मी ते ओशाळून घेत होते.

पण काकूंच्या डोळ्यांखालचं काळं तसंच होतं.

"अबोला आहे वाटतं?" ताईनं मला कठड्याशी गाठलं. "धरा, हक्काचा आहे. फक्त एक सांगते. बाबा गेले त्या दिवसापासून त्यानं घरात काठी हातात घेतलेली नाही. आईला झोप लागावी म्हणून. ड्रम चादरीखाली झाकून ठेवलेत. सराव करायला गावाबाहेर एका मित्राच्या गोदामात जातो."

ताई गेली, आणि मी अबोला गुंडाळून समुद्रात टाकला.

खाली गेले तेव्हा वर्गाला सुट्टी होत होती. "सर, शेवटचं एकदा घेऊ?" मॉनिटर हात बांधून विचारत होता. "पुरे आज. हात शेकून घ्या," सर म्हणाले. वर्ग माझ्या बाजूनं, मला नमस्कार करत, ओळीनं बाहेर पडला. जाड दार त्यांच्यामागे अर्धवट उघडंच राहिलं.

तो एकटा ड्रमामागे बसला होता. काठ्यांऐवजी त्याच्या हातात तारांचे मऊ ब्रश होते आणि तो हळूहळू वाजवत होता. रिमझिमीसारखं. मला तो धाडधाड आवाजच माहीत होता, हे असंही असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"अबोला सुटला?" त्यानं विचारलं.

"चौकशीला आलेय. हमी मोडली, मला आता बसच्या टेबलावर बसावं लागणार."

"मी तिथेही येईन. बसमध्ये छत्री लागते का विचारायला."

"हसवू नका. मी रागावलेय."

"किती?"

"पुष्कळ... होते."

तो हसला. ब्रश फिरतच होते. आणि मग ते एकदम थांबले, कारण दारात काकू उभ्या होत्या. एक हात भिंतीवर, दुसऱ्यात पर्स.

"तरी म्हटलं, पायाखाली काय वाजतंय," त्या म्हणाल्या. "भिंतीला हात लावत लावत आले."

तो धडपडत उठला. "सॉरी आई! दार लावायचं राहिलं. तू पडली होतीस ना? मी बंद करतो, आता नाही वाजवत—"

"बस खाली." मी काकूंचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला. तो बसला. मीसुद्धा बसले. "तू घरात का वाजवत नाहीस रे?"

"तुला झोप लागावी म्हणून."

"मला वाटलं, बाबांबरोबर तुझं मनच उडालं त्यावरून. म्हणून मी बोलले नाही. पोराच्या मनाला लागलेलं असताना, वाजव म्हणायचं तरी कसं?" त्या मागच्या खुर्चीत टेकल्या. "दुपारी भांडी आवरून मी पडायचे, वरच्या खोलीत तुझं सुरू व्हायचं. तुझे बाबा तोंडावर पेपर घेऊन घोरायचे. ती माझी दुपार होती. बाबा गेले ते गेले, त्याला इलाज नाही. पण तू तर घरात होतास ना? आता पडलं की नुसतं घड्याळ ऐकू येतं. तुम्ही बशा दबकत ठेवता, तेही ऐकू येतं."

त्यानं ब्रश ड्रमावर ठेवले.

"सगळ्यांनी मिळून मला शांत जहाज शोधलंत," काकू म्हणाल्या. "मला विचारलंत का कुणी?"

"मी विचारलं होतं, काकू," मी चाचरत म्हटलं. "काय नको ते."

"नको ते विचारलंस. हवं ते कुठे विचारलंस?"

झालं. इतक्या वर्षांचा माझा माज दोन वाक्यांत उतरला. मी उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"काकू... काय हवंय तुम्हाला?"

"त्याला सांग, वाजव म्हणावं."

त्यानं मनगटानं डोळे पुसले आणि ब्रश उचलले. काकूंनी पर्स मांडीवर घेतली, चष्मा काढून पर्सवर ठेवला. थोड्या वेळानं त्यांची मान जराशी कलली, ओठ किंचित उघडले... आणि त्या चक्क घोरायला लागल्या. तो वाजवत होता आणि बघत होता. त्याला बघायची होती ती हीच झोप, हे त्याच्या चेहऱ्यावरून कुणीही सांगितलं असतं.

मी उठून ड्रमाजवळ गेले. आता कुजबुजण्यावाचून इलाज नव्हता.

"आता तुला विचारते," मी म्हटलं. आमच्यातलं 'तुम्ही' कुठे गळून पडलं, मला कळलंही नाही. "काय हवंय तुला?"

"मला? ते... नंतर—"

"नंतर नाही. समुद्राचा मध्य काल गेला. आत्ता सांग."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ठेका मंदावला, आणखी मंदावला.

"तू," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी बूट काढून ऐकत पडली होतीस ना, तेव्हापासून तू. इतकं मन लावून ऐकणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं. एकदा माझं वाजवणं तू तसं ऐकावंस... एवढंच हवं होतं. आता जरा जास्त हवंय."

"जास्त म्हणजे?"

"रोज."

त्याचे हात थांबले. दोन्ही ब्रश हवेत. इतका धीट माणूस, पण डोळ्यांत भीती स्पष्ट दिसत होती. मी मुद्दाम त्याला ताटकळत ठेवलं. पोस्टमनचा हिशेब बाकी होता ना!

"तुम्हा ड्रमवाल्यांनी माझी भूमिती घालवली," मी शेवटी म्हटलं. "त्याची भरपाई कुणीतरी करायलाच हवी. रोज म्हणजे रोज. आणि वरच्या खोलीतली चादर मी स्वतः काढणार."

तो काही बोलणार, तोच मागून आवाज आला. डोळे मिटलेले, मान तशीच कललेली.

"थांबलास का रे? आत्ता कुठे डोळा लागला होता."

त्यानं घाईघाईनं वाजवायला घेतलं. मी काकूंच्या शेजारी परत आले, बूट काढून खुर्चीखाली सारले, पाय वर घेतले आणि डोळे मिटून ऐकत बसले.